हळदीचे मावळे

माणसाला एखादा छंद असावा, असे शहाणी माणसे सांगत आली आहेत. छंद असला की निवृत्तीनंतरचा वेळ बरा जातो, मन ताजे राहते आणि रिकाम्या न्हाव्यासारख्या भिंतीला तुंबड्या लावण्याची पाळी येत नाही. हे सारे मला मान्य आहे. पण छंद एकाचा असतो आणि त्याचा वास साऱ्या घराला येतो, ही गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मला ती कळायला बेचाळीस वर्षे लागली.

माझा छंद तसा लहानसा आहे. उंचीने म्हणाल तर चार बोटे. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, त्यावर मांडायची मातीची चित्रे मी रंगवतो. आम्ही पुण्याचे लोक या बाहुल्यांना 'चित्रे' म्हणतो. सिंहासनावरचे महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफा, विहिरीवरची बाई, डोक्यावर हंडे घेतलेली गवळण आणि गुहेतला वाघ. १९८१ साली माझी मुलगी चार वर्षांची होती. बाजारातून आणलेल्या तिच्या मावळ्याचा एक डोळा जागेवर होता आणि दुसरा रंगाऱ्याच्या घाईमुळे कपाळावर गेला होता. तिने भोकाड पसरले. दाराला लावून उरलेला ऑइलपेंट घरात होता. मी कानकोरण्याला कापूस गुंडाळून त्या मावळ्याचा डोळा खाली आणला. त्या दिवशी डोळा जागेवर आला आणि मी जागेवरून गेलो.

तेव्हापासून दर वर्षी कुंभारवाड्यातून बारा कोरी चित्रे आणायची, घटस्थापनेला रंगाचे डबे उघडायचे आणि वसुबारसेपर्यंत बाराही सैनिक सज्ज करायचे, हा माझा नेम. पाटबंधारे खात्यात मी आरेखक होतो, त्यामुळे हाताला बारीक कामाची सवय. शून्य नंबरच्या ब्रशाने मी मावळ्याच्या मिशीचा आकडा काढी, कमरेच्या शेल्याला जरीकाठ काढी. एका फुटक्या कपात टर्पेंटाईन असे. ही सारी कार्यशाळा आमच्या दोन खोल्यांच्या घराच्या गॅलरीत. आणि गॅलरीचे दार उघडते ते स्वयंपाकघरात.

एवढा भूगोल पुरे.

२०२३ सालच्या पावसाळ्यात हिचा दम लागण्याचा त्रास वाढला. जिना चढून आली की पाच-पाच मिनिटे बोलता येईना. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला नळी लावली, नळकांड्यातून फुंकायला लावले आणि मग विचारले, "घरात कुणी विडी-सिगारेट ओढतं? धूर, उदबत्ती, रंग, कसला उग्र वास?"

"छे, तसं काही नाही," ही म्हणाली.

मी शेजारीच बसलो होतो. आदल्याच दिवशी गॅलरीच्या कठड्याला आलेला गंज झाकला होता. माझ्या नखांत हिरवा रंग होता. डॉक्टरांनी माझ्या हाताकडे पाहिले, मी तो हळूच खिशात घातला. त्यांनी सौम्य शब्दांत सांगितले की, दम्याचे मूळ अमुकच, असे बोट ठेवून दाखवता येत नाही. पण ऑइलपेंट आणि टर्पेंटाईन यांतून उडणारी वाफ अशा माणसाच्या श्वासनलिकेला सोसत नाही. ती घरात नको.

रिक्षात आम्ही दोघेही बोललो नाही. मी मनातल्या मनात हिशेब करीत होतो. बेचाळीस नवरात्रे. प्रत्येकी तीन-चार आठवडे. आणि दारापलीकडे पोळ्या लाटणारी एक बाई, जी डॉक्टरांपुढे म्हणते, "तसं काही नाही."

त्याच संध्याकाळी मी डबे बाहेर काढले. काहींवरची तारीख वाचून तर पोटात गोळा आला. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत नव्वदापेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. माझे काही डबे त्याच्या पुष्कळ आधीचे. आणि मी तर ब्रशाला टोक आणायला तो खुशाल ओठांत धरीत असे! डबे गेले. ब्रश मात्र टाकवले नाहीत.

श्रावण गेला, गणपती गेले. पितृपक्षात ही म्हणाली, "यंदा कुंभारवाड्यात नाही जायचं?"

"नाही. छंद संपला."

"सोसायटीतली पोरं विचारतील."

"विचारू देत."

यावर ती काही बोलली नाही. पण तिने बंगळूरला मुलीला फोन केला असावा, कारण आठ दिवसांनी एक खोके आले. आत काचेच्या सहा चिमुकल्या बरण्या. वर लिहिलेले: वनस्पतिजन्य रंग. मुलीने फोनवर सांगितले, "बाबा, याला टर्पेंटाईन लागत नाही. पाण्यात धुता येतात. लहान लहान बाहुल्या रंगवणारे लोक आता हेच वापरून बघतात."

मी कुंभारवाड्यात गेलो. बारा कोरी चित्रे आणली.

बरणीवरचा बारीक मजकूर मी भिंगाने वाचला; आरेखकाची खोड जात नाही. तेव्हा उलगडा झाला. रंग म्हणजे दोन गोष्टी: एक दिसणारी पूड आणि दुसरे तिला धरून ठेवणारे बंधन. या बरण्यांतले बंधन वनस्पतीचे होते. पूड मात्र लोखंडाच्या गंजाच्या जातीची आणि पांढरा रंग टायटॅनियमचा. यात फसवणूक नव्हती, सारे लिहिलेले होते. फक्त 'वनस्पती' मोठ्या अक्षरांत आणि 'टायटॅनियम' मुंगीच्या अक्षरांत. रंग वाईट नव्हते. वास जवळजवळ नव्हता. पण तेलरंगाची सवय झालेल्या हाताला ते पातळ लागले. एका हाताने माती झाकेना, तीन हात द्यावे लागत. आणि वाळला म्हणून उचललेल्या मावळ्याच्या पाठीवर माझा अंगठा उमटला. तीन मावळ्यांत बरण्या अर्ध्या झाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात किडा शिरला. बंधन झाडाचे असेल तर रंगही झाडाचाच का नको? पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने १८५६ साली लंडनमध्ये क्विनीन करायच्या खटपटीत डांबरापासून जांभळा रंग काढला. १८९७ साली जर्मनीहून कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि शेतातली नीळ मागे पडली. त्याआधी माझ्या पणज्याचे पागोटे रंगत होतेच ना? ते कशाने रंगले, तेच मी करणार. सत्तरी उलटलेल्या माणसाने असा निश्चय केला की घरातल्या इतरांनी सावध व्हावे. ही सावध झाली. तिने आपली दोन चांगली पातेली वर ठेवून दिली आणि एक जुने जर्मनचे माझ्यापुढे सरकवले.

डिंकाच्या लाडवांसाठी आणलेला डिंक तिने काढून दिला. एक भाग डिंक, दोन भाग पाणी, रात्रभर भिजत. सकाळी फडक्यातून गाळून थेंबभर मध, म्हणजे वाळल्यावर रंगाला तडे जाणार नाहीत. आणि बुरशी येऊ नये म्हणून दोन लवंगा. हे बंधन उत्तम झाले. आता रंग.

पहिला मान हळदीचा. मातीचे चित्र कोरे असले की रंग पिते, म्हणून आधी पांढरा हात द्यावा लागतो. घरात भिंतीचा चुना होता. तो लावला, वाळू दिला आणि मोठ्या झोकात एका मावळ्याच्या पागोट्यावर हळद चढवली. पिवळेधमक पागोटे! मी चष्मा पुसेपर्यंत ते विटकरी झाले आणि पाहता पाहता लाल. मी ब्रश पाहिला, कप पाहिला. लाल रंग घरात नव्हताच.

हिला हाक मारली. तिने एकदा मावळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि दम लागेपर्यंत हसली.

"अहो, हळदीला चुना लावलात तर दुसरं काय होणार? कुंकू कशाचं करतात?"

पंचेचाळीस वर्षे ज्या कपाळासमोर बसून मी चहा प्यालो, त्या कपाळावरचे रसायनशास्त्र मला ठाऊक नव्हते. हळदीचा रंग खार लागला की लाल होतो. मी चुन्याऐवजी खडूची पूड घेतली. तीही आधी हळदीची चिमूट टाकून पारखून.

मग हिने सुचवले, पांढऱ्याला तांदळाची पिठी का घेत नाही? वारली बायका गेरूच्या भिंतीवर तिनेच तर चित्रे काढतात. सूचना सोन्यासारखी होती. दोन मावळ्यांचे अंगरखे पिठीने रंगवले. शुभ्र झाले. सकाळी पाहतो तो गॅलरीच्या कोपऱ्यातून मुंग्यांची रांग निघालेली. एकाची बाही कोपरापर्यंत खाऊन झाली होती. बायंडर लोक खळीत मोरचूद घालतात, ते मला आठवले. पण मोरचूद विषारी. विषाचे डबे नुकतेच घराबाहेर काढले होते. अंगरखे खडूचे झाले.

निळ्यासाठी काष्टौषधीच्या दुकानात गेलो आणि नीळ मागितली. पुडी आणली, कालवली, तर शेवाळासारखा चिखल. पुडीवर लिहिले होते, केसांसाठी. ती नीळ नव्हती, निळीचा वाळलेला पाला होता. तो केसांवर निळा होईल, मावळ्यावर नाही. शेवटी कापड रंगवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी खऱ्या निळीची सुपारीएवढी वडी दिली. ती उगाळली आणि असा गहिरा निळा उमटला की, मी काही वेळ नुसता पाहात राहिलो. हळद मिसळली की हिरवा. घोड्यांना पानाचा कात. मिशांना दिव्याची काजळी. ती मात्र पाण्यावर तरंगते, बुडायला तयार नसते, डिंकाच्या पाण्यात घोटघोट घोटावी लागते. पोथ्या लिहिणाऱ्यांची मनगटे कशी झाली असतील, ते तेव्हा कळले.

लाल तेवढा राहिला. मंजिष्ठाच्या मुळ्यांचा मंद आचेवर काढा केला, त्यात तुरटी विरघळवली आणि धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने सोडला. पातेले फसफसून वर आले, मग शांत झाले आणि रात्रभरात तळाशी लाल साका बसला. पंच्यातून गाळून वाळवला. डाळिंबाच्या सालीसारखा रंग! आनंदाच्या भरात मी तो खलात घातला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभा राहून सपासप कुटू लागलो. लाल धुरळा उन्हाच्या तिरिपेत नाचू लागला. मला तो फार सुंदर दिसला.

मागे ही खोकू लागली.

आधी साधा खोकला वाटला. मग तो थांबेना. मी वळलो तर ती ओट्याला धरून उभी, खांदे वरखाली होताहेत आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज. फवाऱ्याची डबी खुंटीवरच्या पिशवीत होती. त्या चार पावलांत माझे हातपाय गार पडले. दोन फवारे घेतले. मी तिला बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसवले. श्वास हळूहळू खाली उतरला. पंधरा मिनिटे गेली असतील. आयुष्यात एवढी लांब पंधरा मिनिटे मी पाहिली नव्हती.

झाडाचे म्हणजे निरुपद्रवी, अशी माझी भाबडी समजूत त्या पंधरा मिनिटांत गेली. धुरळा तो धुरळा. तो दगडाचा आहे की मुळीचा, हे छाती विचारीत नाही. मी खल उचलला आणि साका मोरीत ओतायला निघालो.

"टाकताय कशाला?" ती खिडकीतून म्हणाली. आवाज अजून खोल होता. "कोरडं काय कुटता? चटणी वाटतात तसं पाणी घालून वाटा. धूळ उडते कशी, बघू या."

मी खल खाली ठेवला. आणि इतक्या वर्षांचा प्रश्न तोंडातून निघून गेला. "त्या रंगांचा वास येत होता तुला. कधी बोलली का नाहीस?"

तिने थोडा विचार केला. रागावून नाही, आठवून उत्तर द्यावे तशी म्हणाली, "तुम्ही विचारलं कुठं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

त्यानंतर पाटा-वरवंटा गॅलरीत आला. रंग ओला वाटायचा, ओलाच वाटीत काढायचा, हा घरचा कायदा झाला. वसुबारसेला बारा मावळे तयार होते. तेलरंगाची चकाकी त्यांना नव्हती; पण बाजरीच्या भाकरीला असते तशी एक मऊ, कोरडी कांती होती. शेजारी गेल्या वर्षीचे ऑइलपेंटचे मावळे ठेवले, तर ते नुकतेच दाढी करून आलेल्या अधिकाऱ्यांसारखे दिसले आणि हे नवे खरोखरच डोंगर चढून आल्यासारखे.

मात्र एक अडचण कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. किल्ल्यावर हळीव पेरलेले असते आणि त्यावर मुले रोज पाणी शिंपडतात. डिंकाचा रंग पाणी लागले की सुटतो. एका मावळ्यावर जवसाचे तेल लावून पाहिले, पण ते आठ दिवस चिकट राहिले आणि फटाक्यांच्या कागदाचे कपटे त्याच्या अंगाला डकले. लाखेचे रोगण करावे, तर त्याला स्पिरिट लागणार; आणि लाख झाडावर मिळत असली तरी ती किड्याची. शेवटी हिनेच तोड काढली. रोज सकाळी शिंपण्याआधी ती खाली जाई आणि बारा मावळे ताटात घेऊन ओट्यावर ठेवी. शिंपून झाले, पाणी मुरले की पुन्हा पहाऱ्यावर. मुलांनी याला 'मावळ्यांची रजा' असे नाव दिले. जिना उतरताना ती सावकाश उतरे, पण उतरे.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सोसायटीतला एक मुलगा वर आला. "आजोबा, तुमचे हिरवे मावळे निळे झाले!"

खाली जाऊन पाहिले. खरेच होते. पिवळी पागोटी उन्हाने फिकट पडली होती आणि हिरव्या अंगरख्यांतली हळद उडून मागे नुसती नीळ उरली होती. हळद उन्हात टिकत नाही, नीळ टिकते. युरोपातल्या जुन्या विणलेल्या पडद्यांवरची झाडे अशीच निळी झालेली आहेत, कारण त्यांतला झाडाचा पिवळा रंग उडून गेला. अजिंठ्याचे चित्रकार या बाबतीत आपल्याहून शहाणे. त्यांनी गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, लाजवर्द असे मुख्यतः माती-दगडांचे रंग घेतले, काळ्याला काजळी घेतली, आणि दीड हजार वर्षांनीही त्यांची चित्रे आपण पाहतो. माझी कला तीन आठवड्यांत विटली. मी जरा हिरमुसलो, हे कबूल करतो.

"उद्या किल्लाच मोडायचा आहे," ही म्हणाली. "पागोट्याचं काय घेऊन बसलात? पुढच्या वर्षी पुन्हा हळद लावू."

या वाक्यातले 'लावू' माझ्या कानात राहिले. बेचाळीस वर्षे मी 'लावतो' म्हणत आलो होतो.

हिचा दमा गेला, असे लिहिले असते तर हा लेख गोड झाला असता. तो गेलेला नाही. फवाऱ्याची डबी आता पिशवीत नसते, गॅलरीच्या दाराशीच खुंटीला असते. पिवळ्या पागोट्यांना मी आता पिवळी माती वापरतो आणि अंगरख्यांचा हिरवाही तिच्यातच नीळ मिसळून करतो. मातीच्या माणसाला मातीचा रंग लावण्यात कमीपणा कसला? हळद एकाच मावळ्याला लावतो, दर वर्षी, रिवाज म्हणून. त्याचे पागोटे तुळशीच्या लग्नापर्यंत उतरते. आणि नवा रंग काढला की आधी वाटी हिच्यापुढे धरतो. "वास येतो का गं?" असे विचारतो. उशिरा आलेले शहाणपण आहे, पण घरी आले हेही काही थोडे नाही.

यंदा नवरात्रात हिने गवळण मागून घेतली. लुगड्याचा रंग तिला अंजिरीच हवा होता; निळीवर मंजिष्ठाचा हात देऊन तो तिने स्वतःच साधला. मग काठ काढायला बसली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत धरलेली, शून्य नंबरचा ब्रश माझा. दुपार कलली. मी बाहेर वर्तमानपत्र वाचीत होतो आणि एकाएकी वास आला. डाळ खाली लागून करपत होती.

मी धावत जाऊन गॅस बंद केला, पातेले मोरीत ठेवून वर पाणी सोडले, दोन्ही खिडक्या उघडल्या, धूर गॅलरीकडे जाऊ नये म्हणून मधले दार लोटून घेतले.

दारापलीकडून, मान वर न करताच, तिने विचारले, "अहो, कसला वास येतोय का?"

"छे," मी म्हटले, "तसं काही नाही."